जावयांची हातभट्टी आणि आबांची मोटार

म्युनिक, रविवार

ती. आबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

कुकरची शिट्टी होईपर्यंत लिहून होईल तेवढं लिहिते. आई, "जावई दारू गाळतात असं सगळ्या पाटणात झालंय" हे तू फोनवर इतक्या हळू म्हणालीस की माझ्याआधी ते जावयांनीच ऐकलं. ही बातमी बाजारपेठेत कुणी सोडली ते मला ठाऊक आहे. शकूमावशीला सांग, घरात दारू गाळायला इथेही बंदी आहे. बिअर आंबवायला मात्र सरकारची ना नाही. आधी कस्टमवाल्यांना कळवायचं, विकायची नाही, मग वर्षाला 500 लिटरपर्यंत कर माफ. 2023 पर्यंत ही मर्यादा 200 लिटर होती. ती वाढली तेव्हा आपल्या घरात कुणाला जास्त आनंद झाला ते विचारू नकोस. तू 1949 च्या दारूबंदी कायद्याची आठवण करून दिलीस, तर जावई म्हणाले, "आईंना सांग, इथे 1516 पासून बिअरचा कायदा आहे." सातू, हॉप्स आणि पाणी, एवढंच घालायचं असं इथल्या ड्यूकनं तेव्हाच लिहून ठेवलंय.

भांडी कुणी घासायची हे मात्र ड्यूकनं लिहून ठेवलं नाही. बिअर करायला एक दिवस लागतो आणि धुवायला त्याहून जास्त. मोठं स्टीलचं पातेलं, गार करायची प्लेटांची पेटी, आंबवायची टाकी आणि सगळ्यांना जोडणारे पाइप. ती पेटी उघडता येत नाही आणि हॉप्सचा चोथा नेमका तिच्यातच जाऊन बसतो. यावर उपाय आपल्या बाळूदादानं सांगितला. त्याच्या डेअरीत दुधाच्या लायनी कुणी खोलून धूत नाही. साधं पाणी, मग गरम कॉस्टिक, परत पाणी, मग अ‍ॅसिड, परत पाणी, असं जागच्या जागी फिरवतात. दुधाचा जसा पापुद्रा धरतो तसा बिअरचाही दगडासारखा थर धरतो, म्हणून अधूनमधून अ‍ॅसिड हवंच. इथे कॉस्टिकऐवजी एक सौम्य पूड मिळते, पण तीही साठ-सत्तर अंशांच्या पाण्यातच काम करते. आता हे पाणी फिरवायला पंप हवा, आणि पंपापायी आमच्या घरात जी चर्चा झाली तेवढी आमच्या लग्नातही झाली नव्हती.

बाळूदादाच्या डेअरीत असतो तसला स्टीलचा पंप हजार युरोंच्या वर. युरोला शंभर रुपये धरा, आबा, आणि बसूनच वाचा. एवढ्यात मळ्यात मोटार, पाइप, स्टार्टर आणि वायरमनचा चहा सगळं भागून वर वासरू आलं असतं. दुसऱ्या टोकाला बागेच्या हौदात बुडवायचा पंप. तीस-चाळीस युरोत येतो, पण डब्यावर बारीक अक्षरात लिहिलंय: पाणी 35 अंशांपर्यंत. म्हणजे आंघोळीचं पाणीसुद्धा त्याला सोसायचं नाही. मग मित्राकडून गाडीतल्या घरातला डायफ्रॅम पंप उसना आला. तो स्वतः पाणी ओढतो हे खरं, पण चोथ्याचा कण व्हॉल्व्हमध्ये अडकला की बसतो रुसून, आणि चालू असताना पिठाच्या गिरणीसारखा कडाडतो.

इथला आवाजाचा कायदा तुम्हाला माहीत नाही. आज रविवार. आज भिंतीत खिळा ठोकायचा नाही, गवत कापायचं नाही. रिकाम्या बाटल्या काचेच्या पेटीत टाकायच्या नाहीत, कारण खळ्ळकन आवाज होतो. दुकानं बंद. रोज रात्री दहा ते सकाळी सहा हीच शांतता, आणि आमच्या इमारतीच्या कागदात तर दुपारी एक ते तीनसुद्धा. तिकडे रविवारी सकाळी देवळाचा भोंगा, भंगारवाला आणि बंडूचा ट्रॅक्टर एकदम सुरू झाले तरी तुम्ही कूस बदलत नाही. जावई शनिवारी सकाळी चूल पेटवतात, रात्री नऊला मोकळे होतात, आणि धुवायला उरतो एक तास. त्या उसन्या पंपानं दहा वाजून गेल्यावर दोन मिनिटं काढली, तर सकाळी दाराला खालच्या आजींची चिठ्ठी: "आपण रात्री काय दळता?"

म्हणून शेवटी चुंबकावर फिरणारा छोटा पंप ठरला. त्याच्या पंख्याचा दांडा बाहेर येतच नाही, त्यामुळे सील गळायची भानगड नाही. उकळतं पाणी चालतं, आवाज जवळजवळ नाही. स्टीलच्या तोंडाचा दीडशे युरो, प्लास्टिकच्या तोंडाचा सत्तर. जावयांचा डोळा दीडशेवर होता.

आबा, तेव्हा तुम्ही व्हिडिओवर आलात. सांगली जिल्ह्यात 1910 पासून किर्लोस्करवाडी असताना जावई पंप जर्मनीत शोधतात, हा टोमणा आधी झाला. मग तुम्ही चष्मा लावून डब्यावरचे आकडे वाचायला लावलेत: मिनिटाला 19 लिटर, उंची साडेतीन मीटर. "दोन्ही एकदम मिळत नाहीत. साडेतीन मीटरवर थेंब पडणार नाही, आणि एकोणीस लिटर पडेल ते जमिनीलगत. तुम्हाला पाटाचं पाणी पाहिजे का फवाऱ्याचं?" जावई गप्प. पेटीला आणि पाइपांना पाटासारखं भरपूर वाहतं पाणी पुरतं. टाकीच्या भिंती धुवायला फवारा हवा, त्याला दाब लागतो, तो या पंपात नाही. तुमचा निकाल: सत्तरवाला घ्या, टाकी हातानं घासा. पंप तोटीच्या खाली ठेवा म्हणजे हवा धरणार नाही, कोरडा फिरवू नका, आणि आवळायचं तर डिलिव्हरी आवळा, सक्शन नाही.

तसंच केलं. पहिल्यांदा पाइपातून गुरगुरत हवा सुटली आणि मागून पाणी आलं, तेव्हा मी पोळपाटावर हात ठेवून तशीच उभी राहिले. उशाशी 1960 मेगावॉटची कोयना, आणि तुम्ही लाइटची वाट बघत बॅटरी घेऊन रात्री मळ्यात. मी पाटात पाय सोडून बसायचे, आणि तुम्ही ओरडायचात, "सुमे, पाणी आलं का गं?" चिनूनं विचारलं, आई, कांदा कापतेस का? हो म्हटलं.

बाकी, परवा जमीन हलल्याचं कळलं. मांडणीवरची भांडी पडली का? 67 च्या भूकंपाची गोष्ट आजीनं पुन्हा सगळ्यांना सांगितली असेलच. दादानं वानकुसवड्याचं स्थळ नुसत्या पवनचक्क्यांच्या वाऱ्याला घाबरून नाकारलं हे मला पटलं नाही. मुलगी एमएस्सी आहे. वहिनीच्या शिवणाच्या क्लासला माझ्यातर्फे मशीन, पण ते दादाला सांगू नका. चटणी पोचली, नाचणीचं पीठ पोचलं. कंदी पेढे पाठवू नका, दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला इथे बंदी आहे. ते तिथेच खा आणि फोटोही नको.

आबा, रात्री मोटारीला जाताना बूट घालत जा, आणि दादाला सोबत न्या. शकूमावशीला हे पत्र वाचायला द्या, सगळं.

तुमची,
सुमी