75 टक्के भाचा

रविवारी सकाळी साडेदहाला बेल वाजली, की आमची ही दार उघडण्याआधीच वॉशिंग मशीनचं झाकण उघडते. प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत इंजिनीअरिंग करणारा भाचा मामाकडे कधी रिकाम्या हाताने येत नाही. आठवड्याचे कपडे घेऊन येतो. त्याच्या होस्टेलला लाँड्री आहे, तिचे पैसे फीमध्ये धरलेलेही आहेत. पण तिथे टाकलेला टी-शर्ट पुढे कँटीनमध्ये दुसऱ्याच्या अंगावर भेटतो.

असा एक भाचा पुण्यात घरटी असतोच. नसला तर शेजाऱ्यांचा असतो आणि त्याची बुलेट आपल्या पार्किंगमध्ये असते.

आमच्या दाजींचं बार्शीला खताचं दुकान. कॅपच्या पहिल्या राउंडला पोराला जे कॉलेज लागलं ते दाजींना नकाशात सापडेना. दुसऱ्या राउंडला लागलेलं सापडलं, पण बार्शीतच कुणी ओळखेना. तेवढ्यात युनिव्हर्सिटीचं गुळगुळीत ब्रोशर आलं. तिची स्वतःची प्रवेशपरीक्षा होती. त्या परीक्षेत नापास झालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. दाजी कॅम्पस बघायला आले. काचेची इमारत, एसी कँटीन, पोहण्याचा तलाव. लॅबमध्ये काय आहे हे त्यांनी विचारलं नाही; लिफ्ट मात्र मोजल्या. दुकानात ‘‘उगवायची गॅरंटी काय?’’ असं रोज चार शेतकरी त्यांना विचारतात. इथे तोच प्रश्न विचारायचा त्यांच्याकडून राहून गेला.

आता गल्ल्यावर बसून ते मुलाची ब्रँच सांगतात : कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनीअरिंग, आणि मग कंसात आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड मशीन लर्निंग. कंस पुरा होईपर्यंत गिऱ्हाईक युरिया घेऊन वेशीबाहेर गेलेलं असतं.

मीही खासगीतलाच. 1983 साली वसंतदादांनी विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना दार उघडलं, त्या दारातून घाईघाईने आत घुसलेल्यांतला मी एक. कॉलेजला दार होतं, भिंती यायच्या होत्या. पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग भरत; पाऊस लागला की सरांचे नुसते हातवारे दिसत. आम्हाला ‘डोनेशनवाले’ म्हणत आणि आम्ही माना खाली घालत असू. 1987 साली कॅपिटेशन फीवर बंदीचा कायदा आला तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होतो. वडील मोठ्या आशेने पावती शोधायला बसले. पावती सापडली नाही, कारण ती कुणी दिलीच नव्हती.

भाचा मान खाली घालत नाही. ‘‘मामा, आपण फी भरतोय,’’ हे त्याचं ब्रीदवाक्य. लेक्चर कंटाळवाणं झालं, आपण फी भरतोय. मेसच्या पनीरमध्ये पनीर कमी, आपण फी भरतोय. दाजी हप्ते फेडतात आणि ‘आपण’ हा भाचा म्हणतो. आपल्या युनिव्हर्सिटीचं कुळ-गोत्रही त्याला पाठ आहे. ‘‘आपली डीम्ड नाही हां मामा. डीम्ड म्हणजे युजीसी कायद्याच्या कलम 3 मधली. आपली विधिमंडळाच्या कायद्याने झालेली.’’ 2017 साली डीम्डवाल्यांना नावातला ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द काढावा लागला, हे तो भाऊबंदकीतला खटला जिंकल्याच्या थाटात सांगतो.

हा गिऱ्हाइकी थाट सबमिशनच्या आठवड्यापर्यंत टिकतो. मग मात्र हाच राजा जर्नल छातीशी धरून केबिनबाहेर उभा असतो. ‘‘सर, एक सही.’’ सर जेवायला गेले की हा जिन्यात बसतो, सर गाडी काढायला लागले की गाडीमागे धावतो. फी भरणाऱ्याला सहीसाठी धावावं लागतं, एवढं एक माझ्या काळापासून तसंच राहिलंय.

दर पावसाळ्यात हा मित्रांबरोबर खडकवासल्याला कणीस खायला जातो. 15 सप्टेंबरच्या इंजिनीअर्स डेचं सूत्रसंचालनही यानेच केलं. मी म्हटलं, ‘‘अरे, विश्वेश्वरय्या इथेच पुण्यात शिकले. 1903 साली त्यांनी तुझ्या त्या खडकवासल्यालाच स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी चढलं की आपोआप उघडायचे.’’

‘‘सेन्सर कुठला?’’

‘‘पाणीच.’’

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘ॲपवर दिसायचं का?’’

तिसऱ्या वर्षाला मिनी प्रोजेक्ट आला. आधी तपकीर गल्लीतून तयार ‘स्मार्ट डस्टबिन’ आणायचं ठरलं होतं, पण वर्गात आधीच सहा डस्टबिन झाली होती. म्हणून यांच्या ग्रुपने चेहरा ओळखून हजेरी लावणारं यंत्र केलं. डेमो आमच्या हॉलमध्ये झाला. कॅमेऱ्याने हिच्याकडे पाहिलं आणि ‘रोल नंबर 37, प्रेझेंट’ असं जाहीर केलं. त्या दिवशी ती एकदाच खुदकन हसली. एरवी तिच्या मते इंजिनीअर म्हणजे मिक्सर दुरुस्त करणारा माणूस. मिक्सर तीन महिने बंद आहे आणि भाच्याच्या मते तो इलेक्ट्रिकलवाल्यांचा विषय आहे.

हजेरीचं यंत्र करण्यात हजेरी गेली. 75 टक्के लागते, याची 52 भरली. नाव डिफॉल्टर लिस्टवर लागलं आणि पालकांना बोलावणं आलं. दाजींना कळू नये म्हणून लोकल गार्डियनच्या हक्काने मी गेलो. अंडरटेकिंगवर सही करायची, दोन शब्द ऐकून घ्यायचे, म्हणून जन्मात पहिल्यांदा इस्त्रीचा शर्ट घालून अपमानाला निघालो होतो.

अपमान झालाच नाही. गारेगार खोलीत बसवून एका गोड मुलीने कॉफी दिली. भाच्याचा कागद तिने दोन मिनिटांत बाजूला सारला आणि विचारलं, ‘‘सर, तुमचं क्वालिफिकेशन?’’ पाऊण तासाने मी बाहेर आलो तेव्हा वयाच्या साठीला वीकेंड एमबीएचा फॉर्म भरून, टोकन रक्कम देऊन मोकळा झालो होतो. पावती मात्र मागून घेतली.

भाचा गेटवर बुलेटला टेकून उभा होता. मला वाटलं, हजेरीचं विचारेल. त्याने पावती उलटसुलट करून पाहिली आणि कपाळाला हात लावला.

‘‘काय मामा! माझा रेफरल कोड टाकला असता, तर पुढच्या सेमला 5 टक्के सूट मिळाली असती.’’

मी गाडीवर मागे बसलो. त्याने किक मारली आणि मान वळवून म्हणाला, ‘‘तुमची पण 75 टक्के लागते बरं का. रविवारी सकाळी असतं लेक्चर.’’

आता रविवारी साडेदहाला बेल वाजते तेव्हा दार उघडायला मी घरी नसतो. माझी प्रॉक्सी भाचा लावतो, मामीच्या हातच्या जेवणावर.