बोअरला मानवणारे मासे

फिशटँक घ्यायची नुसती कुजबुज झाली तरी घरातल्या प्रत्येकाचा एकेक मासा ठरलेला असतो, आणि त्यातले कोणतेही दोन मासे एका खंडातले नसतात. आमच्याकडे मुलाला निऑन टेट्रा हवे होते. हे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले. बायकोच्या मैत्रिणीकडे पिवळेधमक आफ्रिकन सिक्लिड आहेत, ते मलावी सरोवरातले. मैत्रिणीकडे आहेत म्हटल्यावर आमच्याकडेही ओघाने आलेच. मेहुण्याने वास्तुशास्त्राच्या नावाखाली आठ सोनेरी आणि एक काळा गोल्डफिश अशी थेट चीनची मागणी नोंदवली. (वास्तुशास्त्रात चीन कुठून आला, हे मेहुण्यांना विचारायचं नसतं.) काळा मासा घरावरचं संकट स्वतःवर घेतो आणि मरतो, असंही त्याने सांगितलं. टाकीत मासे ज्या वेगाने मरतात ते पाहता पुण्यातली बरीच घरं आतापर्यंत संकटमुक्त झाली असावीत.

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरली तरी 56 लिटर. तीत तीन खंड मावायचे होते.

दुकानदाराला यात काहीच अडचण दिसेना. "सगळे चालतात साहेब एकत्र," तो म्हणाला. त्याच्या दुकानात चालतातही, कारण तिथे कुणाला रविवारच्या पुढे राहायचंच नसतं. वर त्याने काचेवरचं शेवाळ खायला बोटाएवढा सकर पुढे केला. हा सकर वाढून फुटापेक्षा लांब होतो, हे मात्र तो बोलला नाही. आमच्या टाकीची रुंदीच एक फूट. म्हणजे काही दिवसांनी सकरला मागे जायचं तर रिव्हर्स घेत जावं लागणार. शेजारच्या टाकीत टायगर बार्ब आणि एंजल एकत्र पोहत होते. टायगर बार्बला दुसऱ्याचे लांब पर कुरतडल्याशिवाय करमत नाही, आणि एंजलला तर लांब परांशिवाय दुसरं काही नाहीच. तोच एंजल मोठा झाला की निऑन गिळतो. पण ही भांडणं निदान डोळ्यांना दिसतात. पाण्याचं भांडण दिसत नाही.

निऑनला क्षार कमी असलेलं, किंचित आम्लधर्मी, साधारण 6 ते 7 पीएचचं पाणी लागतं. मलावीच्या माशांना जड, 7.8 ते 8.6 पीएचचं. आकडे ऐकायला शेजारी-शेजारी वाटतात, पण पीएच एका अंकाने सरकला की मामला दहापटीने सरकतो. त्यात गोल्डफिशला गारवा प्रिय. 18 ते 22 अंशांत तो खूश, तर टेट्राला 25 च्या आसपास ऊब हवी. एकाच्या सोयीसाठी हीटर लावला की दुसऱ्याला घाम फुटणार. शिवाय गोल्डफिश खातो भरपूर आणि पाणीही त्याच हिशेबाने घाण करतो.

तेव्हा मासे राहू देत, आधी आपलं पाणी कसं आहे ते बघू, असं मी म्हटलं आणि प्रकरण घरातून सोसायटीत गेलं.

आमच्या नळाला तीन पाणी येतात. सकाळी महापालिकेचं, म्हणजे धरणात साठलेलं पावसाचं, त्यामानाने मऊ. ते संपलं की बोअरचं. ते काळ्या कातळाच्या फटींतून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम गोळा करत वर येतं. आणि उन्हाळ्यात टँकरचं, ज्याचं मूळ नदीच्या आणि ऋषीच्या मुळासारखंच विचारू नये. ही तिन्ही खालच्या एकाच टाकीत पडतात. कोणतं किती, हे सेक्रेटरींच्या मर्जीवर. मी टेस्ट किट आणून रोज थेंब मोजायला लागलो. आई आतून ओरडायची, "आज बोअर सोडलंय रे, डाळ शिजत नाहीये." किटचा रंग तेच सांगायचा, फक्त पाच मिनिटं उशिरा आणि साडेसातशे रुपये घेऊन.

मुलाने कुठेतरी वाचलं की बदामाची वाळकी पानं टाकली की पाणी ॲमेझॉनसारखं होतं. आमच्या पार्किंगमध्ये बदामाचं भलंमोठं झाड आहे. झाडणाऱ्या मावशींच्या ढिगातून तो पानं निवडून घेऊन आला. मावशींनी दुसऱ्या दिवशी घरात सगळं ठीक आहे ना, म्हणून चौकशी केली. दोन दिवसांत पाणी चहाच्या रंगाचं झालं आणि पीएच तसूभरही हलला नाही. बोअरच्या पाण्यात कार्बोनेट इतकं असतं की पानांतलं आम्ल ते बसल्या जागी पचवतं.

खरं तर आता बाजारात येणारे निऑन बहुतेक पैदास केंद्रांतले असतात. ॲमेझॉन त्यांच्या आजोबांनीही पाहिलेली नसते, आणि साडेसातच्या पीएचशीही ते जुळवून घेतात. पण आज सात, उद्या सव्वाआठ, हे त्यांना झेपत नाही. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पीएच वाढला की तोच अमोनिया कितीतरी विषारी होतो. हे जिवाणू रुजायला महिनाभर तरी जातो. त्या महिन्यात पाहुणे यायचे, दिवा लावलेली रिकामी टाकी बघायचे आणि विचारायचे, "मासे कुठायत?"

"अजून बॅक्टेरियाच आलेत," बायको सांगायची. पुढचा चहा लवकर संपायचा.

वार्षिक सभेत मी मागणी मांडली की बोअर सोडण्याआधी सदस्यांना कळवावं.

"माशांसाठी?" सेक्रेटरींनी विचारलं.

"हो."

"आमच्या गिझरची कॉइल क्षारांनी गेली तेव्हा कुठे होतात तुम्ही?" तिसऱ्या मजल्यावरचे काका उठले. मग गिझर, सोलर, वॉशिंग मशीन आणि गळणारे केस असा विषय रात्री साडेदहापर्यंत पुरला. मासे इतिवृत्तातसुद्धा आले नाहीत.

तेव्हा मीच बाजू बदलली. तिघांपैकी सतत सारखं राहणारं पाणी एकच, बोअरचं. बागेच्या नळाला फक्त तेच येतं. मग त्यालाच मानवणारे मासे शोधले: गप्पी, मोली, प्लॅटी. जड पाणी म्हणजे यांचं माहेर. गप्पी तर महापालिकेचे लोक डासांच्या अळ्या खायला म्हणून डबक्यांत सोडतात. रॉबर्ट गप्पी नावाच्या गृहस्थाने 1866 च्या सुमारास त्रिनिदादहून हे मासे लंडनच्या संग्रहालयाला पाठवले आणि नाव चिकटलं. मेहुणा म्हणाला, "शी, गटारातले?" पण रंगीत शेपट्यांचे नर बघून बायकोने मैत्रिणीला फोटो पाठवला.

गप्पीची मादी दर महिन्याला पिल्लं घालते, आणि एकदा नर भेटला की पुढचे काही महिने तिला नर लागतही नाही. मुलाने पहिल्या खेपेला बारसं केलं, दुसरीपासून सोडून दिलं. शेजाऱ्यांना पिशव्या वाटून झाल्यावर आमच्यासाठी दारं उघडेनाशी झाली.

मग एक दिवस सेक्रेटरी स्वतः आले. कारंज्यात डास झालेत, चाळीसेक गप्पी मिळतील का?

"देतो. पाणी कुठलं आहे?"

"टँकरचं. आजच भरलंय."

मी किट घेऊन खाली गेलो. नळीत थेंब टाकले, हलवली. अमोनियाचा पिवळा रंग बघता बघता हिरवागार झाला. सेक्रेटरींनी नळी हातात घेतली, उजेडात धरली.

"अहो," ते हळूच म्हणाले, "हेच पाणी वरच्या टाकीत जातं का हो?"

व्हॉल्व्हची किल्ली त्यांच्याच खिशात होती.