एस्त्रेमादुरातले फिरते बिऱ्हाड

स्वातंत्र्य भाड्याने मिळते आणि त्यासाठी पारपत्राची नक्कल, भक्कम अनामत रक्कम व बारीक टाइपात छापलेला एक करारनामा एवढेच पुरते, ही माहिती मला माझ्या मेहुण्याकडून मिळाली. तो माद्रिदला नोकरीस असून, परदेशी स्थायिक झालेल्या मराठी तरुणांना पाहुण्यांच्या प्रकृतीची नसली तरी करमणुकीची जी एक विलक्षण काळजी असते, ती त्याच्या ठायी पुरेपूर आहे. "भाऊजी, हॉटेल नको, आरक्षण नको, मनाला येईल तेथे मुक्काम," असे तो पूर्वीचे विमा-एजंट ज्या आर्जवाने बोलत त्याच आर्जवाने बोलला, आणि आमच्या कुटुंबाला बार्सेलोनाची गर्दी पाहण्यात यत्किंचितही रस नसल्यामुळे पोर्तुगालच्या सरहद्दीला लागून असलेल्या एस्त्रेमादुरा या प्रांताची निवड झाली. कासेरेस व बादाहोस असे दोनच जिल्हे, क्षेत्रफळ सुमारे 41,600 चौरस किलोमीटर, आणि लोकसंख्या जेमतेम साडेदहा लाख. म्हणजे चौरस किलोमीटरमागे पंचवीस माणसे. 2011 च्या खानेसुमारीत आपल्या महाराष्ट्रात त्याच जागेत 365 माणसे राहत होती, हे ध्यानी घेतले म्हणजे तेथील रस्त्यांवर आम्हांला वाट विचारायलासुद्धा मनुष्य का सापडेना, याचा उलगडा होईल.

कॅम्परव्हॅन ताब्यात देणाऱ्या गृहस्थाने तिच्या देहावरील प्रत्येक ओरखड्याचा जो साग्रसंगीत पंचनामा केला, तो पाहून एखाद्या निष्णात फौजदारानेही मान खाली घातली असती. सहा मीटर लांब व दोन मीटर रुंद अशा त्या पेटाऱ्यात शयनगृह, स्वयंपाकघर, स्नानगृह आणि शौचकूप या सर्वांची तजवीज होती. मात्र शयनगृह अस्तित्वात यावयाचे तर भोजनगृहाला अंतर्धान पावावे लागे, आणि स्नानास बसलेल्या मनुष्याचे कोपर चुलीला लागे. भांडी घासलेल्या पाण्याची एक टाकी आणि शौचकूपाची एक स्वतंत्र पेटी. ही दुसरी पेटी ठराविक जागी नेऊन स्वहस्ते रिकामी करावी लागते, हे कलम करारनाम्यात होते. मेहुण्याच्या वर्णनात नव्हते.

परंतु खरा पेच निराळाच होता. स्पेनच्या वाहतूक खात्याचा दंडक असा की, गाडी रीतसर उभी असेल आणि तिची चाके सोडून दुसरे काहीही जमिनीला टेकत नसेल, तर आतली माणसे झोपली आहेत, जेवत आहेत की भांडत आहेत याच्याशी सरकारला कर्तव्य नाही. पण छत बाहेर ओढले, खुर्ची मांडली किंवा पाण्याचा थेंब सांडला, की त्या गाडीची तत्क्षणी छावणी होते आणि छावणीस दंड पडतो. या कायद्याची सूक्ष्मता आमच्या घरच्या न्यायालयात मुळीच टिकेना.

"अहो, हा ओला पंचा तरी आरशावर वाळत टाकू द्या," असे सौभाग्यवतींनी म्हणावे.

"ताई, पंचा गाडीच्या हद्दीबाहेर लोंबला की आपण छावणी ठरतो," असे मेहुण्याने बजावावे.

आणि समोर मेरिदा नगरीत, ख्रिस्तपूर्व 25 साली सम्राट ऑगस्टसने आपल्या निवृत्त शिपायांसाठी वसविलेल्या त्या नगरीत, रोमन जलसेतूच्या उंच खांबांवर पांढऱ्या करकोच्यांनी काटक्याकुटक्यांची प्रचंड घरटी थाटलेली असावीत, त्यांच्या काड्या चोहो बाजूंनी हातहात बाहेर आलेल्या असाव्यात, आणि त्यांना मात्र कोणत्याही खात्याची नोटीस जाऊ नये! सौभाग्यवतींनी त्या पक्ष्यांकडे ज्या दृष्टीने पाहिले, ती मत्सराची होती असे मी म्हणणार नाही. पण पंचा त्यांच्या हाती होता.

करकोच्यांहूनही अधिक सुखी प्राणी या प्रांतात आहे, आणि तो म्हणजे काळे डुक्कर. ओकच्या विरळ झाडांखाली पसरलेली तेथील चराऊ राने, ज्यांना देएसा म्हणतात, डोळ्यांना फार सुखवितात. हिरवळीवर छत्रीसारखा घेर धरलेले एकेक झाड, त्याखाली गोल सावली, आणि त्या सावलीत बेयोता नावाची ओकची फळे वेचीत, कोणतीही घाई नसलेले ते कृष्णवर्ण जनावर. सर्वोच्च प्रतीच्या हॅमसाठी ही डुकरे शरद ऋतूपासून हिवाळा संपेपर्यंत मोकळी चरतात आणि हेक्टरी सव्वापेक्षा अधिक डुकरे सोडण्यास कायद्याने मनाई आहे. एका हेक्टरात दहा हजार चौरस मीटर. आम्हां तिघांच्या वाट्याला बारा आले होते. शेवटी त्या सव्वा डुकराचे काय होते हे ठाऊक असूनही, रात्री मेहुण्याचे ढोपर बरगडीत रुतले असता, ती तुलना माझ्या मनात आल्यावाचून राहत नसे.

या जनावराच्या लोकप्रियतेचा उपसर्ग आम्हां शाकाहाऱ्यांना पदोपदी झाला. मांस नको असे सांगितल्यावर खाणावळीचा मालक मोठ्या सहानुभूतीने मान डोलवी, आणि पालेभाजीवर हॅमचे बारीक तुकडे भुरभुरून आणी. त्याच्या धर्मशास्त्रात हॅम हे मांसात मोडत नसावे. अखेर गाडीतल्या चुलीवर शिळ्या पावाचा चुरा, लसूण आणि ला व्हेरा खोऱ्यातील ओकच्या धुरावर सुकविलेल्या लाल मिरचीची पूड अशी फोडणी बसली. तेथील गुराखी 'मिगास' म्हणून हेच खातात, फक्त त्यात डुक्कर घालतात. सौभाग्यवतींच्या मते हा कुस्करा घरच्यासारखाच झाला. फक्त मोहरी हवी होती.

त्रुहियो गावी आम्ही भर दुपारी पोहोचलो, त्यामुळे आमच्या स्वागतास पेरू देश जिंकणारा फ्रान्सिस्को पिझारो हा एकटाच, तोही काशाच्या घोड्यावर, हजर होता. बाकी गाव निद्रिस्त. मेक्सिको जिंकणारा कोर्तेस याच प्रांतातल्या मेदेयीनचा, आणि अमेझॉन नदीतून खाली उतरलेला पहिला युरोपीय ओरेयाना त्रुहियोचाच. दुपारी दोन ते पाचपर्यंत ज्या मुलखात सोड्याची बाटलीही मिळत नाही, तेथल्या महत्त्वाकांक्षी तरुणांनी समुद्र ओलांडला यात नवल ते कसले! मात्र ते जेथे जाऊन पोहोचले तेथल्या लोकांचे पुढे काय झाले, हे आठवले की त्या घोड्याच्या ऐटीचे कौतुक फार काळ टिकत नाही.

फिरत्या संसाराविषयी शेवटचा शब्द याच प्रांतातल्या युस्तेच्या मठात ऐकावा. पाचव्या चार्ल्स बादशहाने, ज्याची हयात युरोपभर मुक्काम हलविण्यात गेली, संधिवाताने पाय जायबंदी झाल्यावर राज्यत्याग केला आणि डोंगर ओलांडून 1557 मध्ये तो या ओकच्या रानात येऊन राहिला. सोबत घड्याळजी आणला, मद्य गाळणारा आणला; आणि शयनगृह असे बांधून घेतले की अंथरुणातूनच चर्चची वेदी दिसावी, म्हणजे प्रार्थनेसाठीही उठणे नको. दुखरा पाय लांब करून बसण्याची त्याची खास खुर्ची तेथे दाखवितात. 1558 च्या सप्टेंबरात तो वारला तो त्याच शयनगृहात. जगातला एवढा मोठा प्रवासी अखेरीस न हलणारी खोली मागून घेतो, हे मी मेहुण्याच्या नजरेस आणून दिले. तो त्या वेळी शौचकूपाची पेटी कोठे रिकामी करावी हे भ्रमणध्वनीवर शोधीत होता.

ज्या वाचकांना हा प्रांत पाहावयाचा असेल, आणि तो पाहण्यासारखा आहे याबद्दल माझी खात्री आहे, त्यांनी मार्चअखेरीस जावे. तेव्हा हेर्तेच्या खोऱ्यात चेरीच्या झाडांना पांढरा बहर येतो. जुलै-ऑगस्टात पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या गाडीत तो त्याहूनही वर असतो. मोहरी घरून न्यावी, मेहुण्याची उंची आधी मोजून घ्यावी, आणि शौचकूपाची पेटी कोणी उचलावयाची याचा तह लेखी करून मगच करारनाम्यावर सही करावी.