लसूण-शेवेच्या गावात व्हॅम्पायर

स्टार वनवर २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘प्यार की ये एक कहानी’तला व्हॅम्पायर अभय, म्हणजे विवियन डिसेना, जन्माने उज्जैनचा. इंदूरकरांच्या हिशेबाने घरचाच मुलगा! त्यामुळे रामबागेतल्या एखाद्या मराठी ओसरीवर विषय निघालाच, तर चहा गार होईस्तोवर वाद. हा उन्हात कॉलेजला जातोच कसा? शेकडो वर्षांचा हा बाप्या त्याच कॉलेजातल्या पियावर जीव टाकतो, ते प्रेम की निव्वळ भूक? त्यावर काकू ठाम: “पोरगा संस्कारी आहे हो, फक्त खाण्याचे नखरे आहेत.”

नियमांचा एवढा कीस पाडणाऱ्यांनी त्याला एकदा इंदूरच्या सराफ्यात आणावं. निशाचरांची सोय चोख! सोन्या-चांदीची दुकानं मिटली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे भुट्ट्याचा कीस परतला जातो, कढईत गराडूचा कंद तळला जातो, आणि मध्यरात्र उलटली तरी गर्दी हलत नाही. पण युरोपी शास्त्रानुसार व्हॅम्पायरला लसूण वर्ज्य. इथे शेवेत लसूण, चटणीत लसूण. मानेपर्यंत पोचण्याआधीच गडी समोरच्याच्या नुसत्या ढेकरेने आडवा!

त्यापेक्षा विक्रमाचा वेताळ सुटसुटीत. नियम साधा: राजा बोलला की खांद्यावरचं प्रेत परत झाडावर. तेवढ्यावर पंचवीस गोष्टी निभावल्या. अर्थात खांदा इंदुरी असता, तर पहिल्याच वाक्याला “अरे भिया, असं नव्हतं ते” ऐकून वेताळ स्वतःच मसणवटा सोडून गेला असता.