न पाहिलेल्या सिनेमाला एक मत

डिसेंबर सरत आला की वर्षातला सर्वोत्तम आणि सर्वात टुकार सिनेमा ठरवायची लगबग सुरू होते. सर्वोत्तमवरून भांडणं होतात. टुकारवर मात्र झटकन एकमत, कारण तो बहुतेकांनी पाहिलेलाच नसतो. अमेरिकेत १९८१ पासून सिनेमातल्या टुकारपणासाठी दिल्या जाणाऱ्या रॅझी पुरस्कारालाही वर्गणी भरली की मत देता येतं. सिनेमा पाहिल्याचा पुरावा कुणी मागत नाही. २०१० साली अभिनेत्री सँड्रा बुलकला लागोपाठच्या दोन दिवसांत रॅझी आणि ऑस्कर दोन्ही मिळाले. (सिनेमे वेगळे होते, एवढं तिच्या बाजूनं.)

किनवट तालुक्यातल्या इस्लापुरात असं मतदान घेतलंच, तर पंचाईत निराळी. तेलंगणाची हद्द जवळ. मराठी सिनेमाच्या यादीतही पहिला नंबर हिंदीत डब झालेला तेलुगू हिरो मारून नेईल. नांदेडहून आलेले परीक्षक भीत भीत राष्ट्रीय पुरस्कारवाल्या ‘कोर्ट’चं नाव काढतील, तर मागून आवाज येईल, “सर, त्यात फाईट कुठंय?” मग टुकार सिनेमाची पाळी. ‘तिकीट काढून पाहिलेल्यांनीच मत द्यावं’ अशी अट घातली, तर पेटी रिकामीच निघायची. शिव्या द्यायला सगळ्यांनी तो फोनवर फुकटात पाहिलेला.