मृतसाठ्यातला वाडा

"वाडा वर आला रे!" आत्याचा फोन आला तेव्हा मी बारामतीत रसवंतीवर उसाचा दुसरा ग्लास संपवत होतो. इतरांचे वाडे पडतात, विकले जातात, फार तर त्यांचं मंगल कार्यालय होतं. आमच्या इंदापूर तालुक्यात वाडा वर येतो.

नवख्यांसाठी खुलासा. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पुरं झालं आणि नदीकाठची गावंच्या गावं पोटात घेऊन बसलं. भिंत सोलापूर जिल्ह्यात, फुगवटा आमच्या दारात. पुण्यात पाऊस कोसळला की आमचा वाडा बुडतो, सोलापूरला पाणी सुटलं की उघडा पडतो. पळसदेवचा पळसनाथही असाच उन्हाळ्यात देवळासकट दर्शन देतो आणि पैलतीरी कुगावचा इनामदार वाडाही डोकं वर काढतो. त्यातून उजनीला शून्यावर थांबायची सवय नाही. शून्य टक्के म्हणजे जिवंत साठा संपला. त्याखाली ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा असतो, तो वापरायला काढला की उजनी 'मायनस'मध्ये जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे साठ टक्क्यांच्या आसपास उतरली. आमची वडिलोपार्जित इस्टेट ही अशी मृतसाठ्यातली. धरण मायनसमध्ये गेल्याशिवाय आम्ही प्लसमध्ये येत नाही.

तर वाडा वर आला आणि आम्ही सात वारसही आपापल्या बिळांतून वर आलो. हडपसरचा आला, पिंपरीचा आला. मुलीलाही मुलाइतकाच हिस्सा देणारी २००५ ची दुरुस्ती आत्याला हरिपाठासारखी मुखोद्गत होती. मोरोपंतांनी बारामतीत एकशे आठ रामायणं रचली, आमच्या घरात महाभारत एकच, पण ते संपेना.

अर्थात वारसाचा वाद बारामतीच्या मातीतच आहे. १७४० साली थोरले बाजीराव गेले तेव्हा पेशवाईच्या वस्त्रांसाठी बारामतीचे सावकार बाबूजी नाईक पुढे सरसावले, पाठीशी नागपूरचे रघूजी भोसले. बाजीरावांची बहीण भिऊबाई नाईकांच्याच घरात दिलेली आणि बाजीरावांवर नाईकांचं कर्जही होतं. सोयरिक आणि उधारी दोन्ही असून वस्त्रं मिळाली ती बाजीरावांचे चिरंजीव नानासाहेबांना. तिथे पेशवाई होती. इथे गुडघाभर चिखल आणि साडेतीन भिंती.

वाटणीची भाषा सुरू झाली तसे गावात राहणारे तात्या खाकरले. "वाटणी करा, पर आदी सांगून ठेवतो. वाड्यात 'ते' हाय."

भुताटकीच्या बाबतीत घाटावरचे आम्ही मागासच. कोकणात प्रत्येक वळणाला निराळं भूत, त्याचा हुद्दा ठरलेला, हद्द ठरलेली. आमच्याकडे पिंपळावरचा मुंजा आणि धनावरचा समंध, संपली यादी. तात्यांनी मात्र तपशील पुरवला. रातच्याला वाड्यात दिवे फिरतात. पांढरी बाई एका पायावर उभी असते आणि तिचे पाय उलटे. अमावास्येला नारळ दिला नाही तर माणूस तापाने फणफणतो. गेली कित्येक वर्षं नारळ तात्याच नेऊन ठेवत होते, पदरमोड करून.

आमच्यातला वकील भाऊ गंभीर झाला. "बारा वर्षं उघड, अखंड, मालकाला न जुमानता ताबा असेल तर प्रतिकूल ताब्याचा दावा लागतो. भूत मालकी सांगेल." मग स्वतःच सुस्कारा सोडून म्हणाला, "पण अखंड नाही. आठ महिने पाण्याखाली असतं." पिंपरीवाल्याला वेगळीच धास्ती. भूत कूळ निघालं तर? १ एप्रिल १९५७ ला कसणारा जमिनीवर हजर होता की नाही, एवढंच कूळकायदा विचारतो. हजर असताना तो जिवंत होता का, हे विचारतो की नाही, ते कुणालाच सांगता येईना.

शेवटी आम्ही रात्री पहाऱ्याला बसलो. अकराच्या सुमाराला दिवे फिरू लागले. आत्याने रामरक्षा सुरू केली. दिवे जवळ आले आणि त्यांतला एक म्हणाला, "चिलापी पायजे का? ताजी हाय." डोक्याला बॅटरी बांधलेले मच्छीमार होते. एक भूत दीडशे रुपयांत निकाली निघालं.

पांढरी बाई मात्र पहाटे खरोखर दिसली. बुरजाच्या पडक्या भिंतीपलीकडे, उथळ पाण्यात, एका पायावर, मान मोडल्यासारखी खाली. गुडघा मागच्या बाजूला वाकलेला. वकील भाऊ तेवढ्यात पक्षकार सोडून पळाला. उजाडलं तशी बाई गुलाबी झाली, तिच्यासारख्या आणखी चाळीसेक उठल्या आणि भिगवणच्या दिशेने उडून गेल्या. रोहित पक्षी. ज्यांना बघायला मुंबई-पुण्याची माणसं पैसे मोजून होडीत बसतात, त्यांना बघून आम्ही फुकटात घाबरलो होतो.

उरलं रहस्य नारळाचं. तेही उजेडात सुटलं. वाड्यामागे पाणी हटलेल्या गाळात टचटचीत मका उभा होता. गाळपेर! ना नांगरट, ना खत, धरणाचा गाळच सोनं. आणि राखणीला भूत. राखणदाराचा पगार महिन्याला एक नारळ, तोही प्रसाद म्हणून तात्याच घरी फोडून खात. "मग काय," तात्या म्हणाले, "तुम्ही सात जणं वर्षाला एकदा येता. ते तरी बारा महिने हाय."

आम्ही चिडून कचेरीत गेलो. तिथल्या भाऊसाहेबांनी दप्तर काढलं आणि शांतपणे सांगितलं, की वाड्याची जमीन धरणात संपादित झालेली आहे आणि मोबदला पणजोबांनी अंगठा उठवून उचललेला आहे. म्हणजे वाडा सरकारचा. आठवडाभर आम्ही सरकारी चिखलावरून एकमेकांची डोकी फोडत होतो. वारसाहक्काने आमच्या वाट्याला आलं होतं ते फक्त भूत, आणि तेही पक्षी निघालं.

"वरचं कोरडवाहू रान आहे ना पण," भाऊसाहेब म्हणाले. सातबारा काढला. खातेदार: पणजोबा. आजोबांनी वारस नोंद केली नाही, कारण भावांशी पटत नव्हतं. वडिलांनी केली नाही, कारण आजोबांनी केली नव्हती. कागदावर या घरातला एकच माणूस हयात होता, आणि तो गेल्याला पन्नास वर्षं होत आली होती. आम्ही सातजण मात्र चहा पीत, भांडत, घाम पुसत तिथे उभे असूनही दप्तराला दिसत नव्हतो. भूत कोण, हे मला त्या खिडकीपाशी कळलं.

आमच्यासारखी घरं महाराष्ट्रात किती असतील, याचा अंदाज सरकारलाही असावा. १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम निघाली. मयत खातेदार काढा, वारस लावा. आम्ही हौसेने अर्ज केला.

"मृत्यूचा दाखला?"

दाखला ज्या ग्रामपंचायतीत असेल ती गावासकट उजनीत. प्रतिज्ञापत्रावर सातही वारसांच्या सह्या हव्यात, आणि सहा जणांनी केल्या की सातवा रुसतो. त्यामुळे पणजोबा अजून ठणठणीत आहेत.

परवा पुण्याकडून पाणी आलं आणि वाडा पुन्हा खाली गेला. आत्या काठावर उभी होती. तिने पाण्यात नारळ सोडला.

"अगं, ते भूत नव्हतं, पक्षी होते ना?"

"भुताला कोण देतंय," आत्या म्हणाली, "खातेदाराला दिला."