कुंभकर्णाची संगत

आदिलाबाद जिल्ह्यातल्या इचोड्यात हायवेच्या कडेला आमचं भजन रंगायला आलं होतं. पेटीऐवजी सिंथ, त्याला लॅपटॉपची संगत. बुवा चहाला गेले आणि संगतकार शीतनिद्रेत.

ही निद्रा मोठी व्यवस्थित. लॅपटॉप रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून ठेवतो, मग वीज तोडतो. उठल्यावर त्याला उघडी फाईल आठवते; शेजारी बसलेला सिंथ मात्र अनोळखी! यूएसबीची ओळखपरेड नव्याने होते, पण सॉफ्टवेअर जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतं. शेवटी तेही बंद करून पुन्हा उघडावं लागतं.

त्यात वाद्य आणि संगणकाला एकमेकांशी बोलतं करणाऱ्या १९८३ सालच्या मिडीची शिस्त अशी, की सूर लावायचा निरोप वेगळा, सोडायचा वेगळा. दुसरा निरोप निघण्याआधीच लॅपटॉप झोपला, आणि स्वतःच्या अडॅप्टरवर चालणारा सिंथ एकच ‘सा’ धरून बसला. इतका अढळ षड्ज बुवांना चाळीस वर्षांत लागला नव्हता. मंडळींनी माना डोलावल्या.

दिवाळीत याच भागात गोंडांच्या दंडारी नाचाचे ढोल घुमतात. त्यांना ड्रायव्हर लागत नाही, वाजवणारा लागतो.

तेव्हा कार्यक्रमाआधी सेटिंगमध्ये जाऊन लॅपटॉपची झोप बंद करा. झोपायला श्रोते आहेतच.